श्रावणच्या कॉम्प्युटरले लाईन

२५ ऑगस्ट २०२५, सोमवार. बडनेरा

प्रियदर्शनी पुण्याहून म्हणते, "बाबा, रोज चार ओळी लिहत जा, मन मोकळं होते." माह्यं मन मोकळंच आहे. चौतीस वर्षं रेल्वेत स्टेशन मास्तरकी केली, डायरी लिहायची सवय आहे, पण त्या डायरीत मनाचा कॉलम नव्हता. गाडी आली, गाडी गेली, सही. तरी पोरीचं मन राखायले लिहून राहिलो.

तं आजची बातमी. अकोल्याहून गंगू वहिनीचा फोन आला. गंगू वहिनी म्हणजे श्रावण निमकर्डेची बायको. अन् श्रावण म्हणजे, आता कसं सांगू? मी कुरुमले मास्तर होतो तवा तो शेजारच्या माना स्टेशनले. आठ वर्षं आमी दिवसरात्र बोललो, पण सारं दोन स्टेशनांमधल्या ब्लॉक फोनवर. पहिले दीड वर्षं तं मी त्याचं तोंडही नाही पाह्यलं. नुसता आवाज. भारदस्त, खर्जातला, मालगाडीचा नंबर सांगितला तरी ऐकत राहावं असा. रिटायर झाल्यावरही रोज संध्याकाळी साडेसहाले त्याचा फोन, एक दिवस खंड नाही.

मार्चमधी नागपुरात त्याच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. तंबाखू-सुपारीच्या खर्र्यानं घात केला. आवाजाची पेटीच काढून टाकली डॉक्टरनं. जीव वाचला, आवाज गेला. तवापासून साडेसहाचा फोन बंद. मी तीनदा भेटायले गेलो. पाटी-पेन्सिल मांडीवर घेऊन बसून राहिला, एक अक्षर नाही लिहलं. मोबाईलवर मेसेज टाकले तं निळ्या खुणा येतात, जवाब नाही. त्याचा अंगठाच केवढा, एक अक्षर दाबलं तं तीन उमटतात.

वहिनी म्हणे, "भाऊजी, दिवाळीच्या सफाईत यांचा तो जुना कॉम्प्युटर भंगारात देऊन राहिली मी. तुमच्याकडंही तसाच आहे ना? तुमी काय केलं त्याचं?"

मी म्हटलं, पलंगाखाली आहे.

"मंग पाहा बाप्पा, त्याचं काही होते का," म्हणे, अन् फोन ठेवला.

फोन ठेवला अन् माह्या डोक्यात लख्ख उजेड पडला. पंच्याण्णव साली आमी दोघांनी नागपूरच्या एकाच दुकानातून, एकाच दिवशी, एकसारखे दोन कॉम्प्युटर घेतले होते. फोर-एटी-सिक्स. काळा पडदा, पांढरे अक्षर, माऊस नावालेच. तेव्हा ठरवलं होतं का दोघांचे फोनलाईननं जोडू अन् बुद्धिबळ खेळू. तेवढ्यात माही बदली झाली अन् राहिलं ते राहिलं. आता जोडले तं? श्रावण टायपिंगले नंबर एक होता. त्या जाड बटनांवर त्याचे बोटं धावतात. मोबाईलवर बोलत नाही, पाटीवर बोलत नाही, त्याच्या कॉम्प्युटरवर तं तो बोलीन!

दिवाळीच्या आत श्रावणले बोलता करतो. नाही केलं तं नावाचा पंजाबराव तेलगोटे नाही.

२७ ऑगस्ट, बुधवार

पलंगाखालून डबा काढला. दीड वर्षापासून त्या खोलीत झाडूच नाही गेला. माही बायको केशर होती तवा रोज सकाळी पलंग सरकवून झाडे अन् मले दम दे, "तुमची ही रद्दी कवा काढता?" आता कोणी दम देत नाही. धुळीनं दहा शिंका आल्या.

उघडून पाह्यलं तं आतली बॅटरी फुटून हिरवा बुरा झाला, तिचं पाणी बोर्डावर पसरलं. मंग आठवलं, सिग्नलच्या बॅटऱ्यांवर असा बुरा आला का आमचा मेंटेनर आंबट लावे. घरात सिरका नव्हता. लिंबू होतं. अर्धं लिंबू बोर्डाले, अर्धं खिचडीले.

संध्याकाळी प्रियदर्शनीचा फोन. "जेवले का?" जेवलो म्हटलं. "काय जेवले?" वरण, भात, भाजी, पोळी. पोरींना जास्त सांगू नये.

३० ऑगस्ट, शनिवार

चालू झाला! एक टूं वाजली अन् पडद्यावर अक्षरं आले. तीस वर्षाचा डबा, लेकाचा, एका टूंमधी उठून बसला. आता पहा म्हणा, तुमचे मोबाईल तीन वर्षात मरतात. आत केशरच्या महिला मंडळाची यादी सापडली, मीच टाईप करून दिली होती. एका नावापुढं तिनं मले लिहायले लावलं होतं, "वर्गणी देत नाही पण गाणं चांगलं म्हणते." एकटाच हसलो.

३ सप्टेंबर, बुधवार

जुन्या वस्तीत नीलमचं कॉम्प्युटर रिपेरिंगचं दुकान आहे. नीलम म्हणजे आमच्या पार्सल ऑफिसच्या सरदारची सून. दोन पोरांची माय, पण सोल्डरिंग असं करते का आमच्या टेलिकॉमवाल्यांनी शिकावं. तिले म्हटलं, फोर-एटी-सिक्सले नेट जोडायचं. मले वाटलं ती हसीन. नाही हसली. शांतपणे म्हणे, "काका, जुन्या लांब खाचेत बसणारं नेटवर्क कार्ड लागीन. आता मिळत नाही. तुमी शनिवारी या."

मिळत नाही म्हणते अन् शनिवारी या म्हणते. बाया धंदा करायले लागल्या का असंच.

६ सप्टेंबर, शनिवार

मिळालं! एक नाही, दोन! हिरवं, वीतभर लांब, मागं केबलचं भोक. सोबत फ्लॉपी, जिच्यात कार्ड चालवायचा प्रोग्राम अन् गप्पा मारायचा प्रोग्राम. त्या गप्पांच्या प्रोग्राममधी म्हणे दोघांनी एकाच नावाच्या खोलीत जायचं, एकानं लिहलं का दुसऱ्याले दिसते.

"कुठून आणले बाई?"

"पार्सलनं आले, अकोल्याहून." म्हणे अन् दुसऱ्या गिऱ्हाईकाकडं वळली. पैसे घेईना. म्हणे पुरानं सामान आहे, चाललं तं घेईन.

फ्लॉपीच्या लेबलवर पेन्सिलनं बारीक अक्षरात लिहलं होतं: "आधी बॅकअप घे." ते 'घे' पाहून मले ते अक्षर ओळखीचं वाटलं. पण साऱ्या रेल्वेवाल्यांचे अक्षर सारखेच असतात, अन् अकोल्यात रेल्वेवाले का कमी आहेत?

११ सप्टेंबर, गुरुवार

पाच दिवस झाले, डोकं फुटायची वेळ आली. कार्ड खाचेत बसवलं, केबल फायबरवाल्याच्या डब्बीत टाकली. कार्डावरचा दिवा लागतो. प्रोग्राम चालवला का मशीन आहे तिथंच गोठते, बटन दाबलं तरी हूं नाही का चूं नाही.

फायबरवाल्याले फोन केला. तो म्हणे, "अंकल, आपका सिस्टम पुराना है, नया ले लो." मी म्हटलं, बेटा, तुह्या बापाच्या लग्नाच्या आधीचं हे मशीन आहे अन् एक दिवस आजारी नाही पडलं, तुह्या डब्बीले महिन्यातून दोनदा ताप येते. त्यानं फोन कापला.

डाळ लावली होती, विसरलो, करपली. पार्लेजी अन् चहावर भागवलं. प्रियदर्शनीले सांगतलं वरण-पोळी. करपलं तरी वरणच होतं ते.

१५ सप्टेंबर, सोमवार

सापडलं! अन् सापडल्यावर स्वतःच्याच गालात हाणावीशी वाटली. कार्डाले एक नंबर दिलेला असते. काम पडलं का त्या नंबरवरून ते मशीनले हाक मारते. माह्या कार्डाचा नंबर तीन, अन् माऊसच्या भोकाचाही नंबर तीन. दोघंही एकाच नंबरवरून कोकलून राहिले तं मशीन बिचारं कोणाचं ऐकीन? एका लाईनवर समोरासमोर दोन गाड्या! अन् हे नऊ दिवस एका स्टेशन मास्तरच्या ध्यानात नाही आलं. कार्डाले दहा नंबर दिला, प्रोग्राम चालवला, अन् चाललं ना भाऊ! पडद्यावर ओळ आली: पत्ता मिळाला.

घरात सांगायले कोणी नाही. पळत बाहेर गेलो. शेजारच्या पार्बताबाई ओट्यावर अंबाडी निवडून राहिल्या होत्या. म्हटलं, बाई, माह्या तीस वर्षाच्या कॉम्प्युटरले नेट लागलं!

त्या म्हणे, "बरं झालं बाप्पा. मंग आता त्यात सिरियल दिसते का?"

नाही दिसत म्हटलं.

"मंग कायले एवढा आटापिटा केला?"

मजा घालवली बाईनं. पण थोड्या वेळानं वाटीभर अंबाडीची भाजी अन् दोन भाकरी आणून ठेवल्या. तेवढ्यात प्रियदर्शनीचा फोन, "बाबा, अभिनंदन!" मी तिले सांगतलं पण नव्हतं. पुण्यात राहून पोरगी लई हुशार झाली.

१८ सप्टेंबर, गुरुवार

सकाळच्या पॅसेंजरनं अकोल्याले गेलो. पिशवीत दुसरं कार्ड, पेचकस, केबल, फ्लॉपी, अर्धं लिंबू. म्हटलं श्रावणच्या मशीनची बॅटरीही फुटली असन, दोन दिवस लागतीन.

फाटकापाशी उभा होतो तं आतून आवाज आला. घर्र... घर्र... घाऽ. बेल वाजवली तसा बंद झाला. गंगू वहिनीनं दार उघडलं. मी म्हटलं, वहिनी, मिक्सर बिघडला तुमचा, आतली बुश गेली, लगेच बदलून घ्या, नाही तं मोटर जळीन. वहिनीनं तोंडाले पदर लावला अन् म्हणे, "हो भाऊजी, तोच बिघडला होता, आता हळूहळू लाईनवर येऊन राहिला."

श्रावण आतल्या खोलीत. गळ्याले रुमाल, अंगानं बरा दिसला मले. पण मी आत गेलो तसं त्यानं खिडकीकडं तोंड केलं. टेबलावर कॉम्प्युटर, झाकण उघडं, आत लख्ख साफ, नवी बॅटरी तारेनं बाहेर काढलेली. आमच्या टेलिकॉम रूमची पद्धत. मी तं पाहतच राहिलो.

"हे कोणी केलं?"

"मनोजनं केलं असन," वहिनी म्हणे. मनोज त्यांचा पोरगा, हिवरखेडले शाळेत मराठीचा मास्तर. मराठीच्या मास्तरले एवढं येते! मानलं. मी कार्ड बसवलं अन् त्याले नंबर दहा दिला. नऊ दिवसाचं काम पाच मिनिटात. श्रावण तिरप्या डोळ्यानं पाहत होता. मी पेच आवळत होतो तं त्यानं हळूच माह्या हातातून पेचकस घेतला, मी तिरका आवळलेला पेच काढला, सरळ करून लावला अन् पुन्हा खिडकीकडं तोंड केलं.

निघताना त्याले म्हटलं, श्रावण, शनिवारी साडेसहाले मी तुले लिहीन. तू खोलीत ये. खोलीचं नाव कुरुम. त्यानं मान नाही हलवली.

वहिनी फाटकापर्यंत आली. म्हणे, "भाऊजी, राग नका मानू. माह्याशी तं दिवसभर पाटीवर भांडते हा माणूस, दोन डब्बे खडू संपवले. तुमी आले का गप्प होते. तुमचं नातं आवाजाचं, अन् तोच गेला. आता कोणत्या तोंडानं बोलू म्हणते."

गाडीत बसल्यावर मले रडू आलं. लपवायचं कायले? समोरच्या बाईनं खिडकी लावून घेतली, तिले वाटलं माह्या डोळ्यात कचरा गेला.

२० सप्टेंबर, शनिवार

साडेसहा. खोलीत गेलो. पडद्यावर दोन नावं. PANJAB. SHRAVAN. म्हणजे तो तिकडं बसला होता! देवनागरी नाही या डब्ब्यात, इंग्रजी अक्षरात मराठी लिहलं: "श्रावण, कसा आहेस? बोल ना गड्या. सहा महिने झाले. डॉक्टर काय म्हणते? जेवण जाते का?"

जवाब नाही. पडदा जसाच्या तसा. साडेसात वाजेपर्यंत बसलो. त्याचं नाव होतं, तो नव्हता.

२१ सप्टेंबर, रविवार

पुन्हा तेच. आज मी मोठं पत्रच लिहलं, लिंबानं बोर्ड साफ केला तिथपासून सारं. जवाब नाही. आठले त्याचं नाव गेलं.

२२ सप्टेंबर, सोमवार

लिहायची इच्छा नाही. नीलम रस्त्यात भेटली, तिले म्हटलं घेऊन जा तुही कार्डं, काही उपयोग नाही. ती म्हणे, "काका, मशीन बरोबर आहे का?" बरोबर आहे. "लाईन बरोबर आहे का?" बरोबर आहे. "मंग बिघाड माणसात आहे, तो मले दुरुस्त करता येत नाही." दुकानात चहा पाजला तिनं, गिलावडा खाऊ घातला.

रागही येऊन राहिला. अरे, माह्याशीच काहून असा? मी त्याचं काय बिघडवलं? सहा महिन्यात एक 'हो' नाही लिहता येत?

२३ सप्टेंबर, मंगळवार

आज हसून हसून पोट दुखलं.

दुपारी गंगू वहिनीचा फोन. म्हणे, "भाऊजी, हे लई चिडले तुमच्यावर. पाटीवर लिहून राहिले, मी वाचून सांगते. 'पंजाबनं लाईन न मागता गाडी सोडली. दोन दिवस. सांग त्याले, चार्जशीट पाहिजे का?'"

मले खुर्चीतून उठताच येईना. आता ज्याले रेल्वे माहीत नाही त्याले काय समजीन! गाडी सोडायच्या आधी पुढच्या स्टेशनले विचारा लागते, लाईन मोकळी आहे का. तो मोकळी आहे म्हणते अन् सोबत दोन आकडी प्रायव्हेट नंबर देते, त्याच्याजवळच्या यादीतला. तो नंबर वहीत लिहला का मंगच गाडी सुटते. नंबर नाही तं शब्दाले किंमत नाही, बोलणारा सख्खा भाऊ असला तरी. आठ वर्षं आमी दोघांनी एक गाडी नाही सोडली विचारल्याबिगर. अन् मी शनिवारी सरळ घुसलो, कसा आहेस, जेवण जाते का! तो तिकडं वाट पाहून राहिला का पंजाब लाईन कवा मागते, अन् मी इकडं वाट पाहून राहिलो का तो बोलते कवा. दोन म्हातारे, मधात ऐंशी किलोमीटर, दोघंही नियमानं बरोबर. त्याचं थोडं जास्त बरोबर.

साडेसहाले लिहलं: "कुरुम टू माना. लाईन क्लिअर?"

पापणी लवायच्या आत जवाब. सहा महिन्यांनी.

"माना. लाईन क्लिअर. प्रायव्हेट नंबर ४७. सोड."

मंग दुसरी ओळ: "आता सांग. हे लिंबू कोणी शिकवलं तुले? बोर्ड सडवशीन."

पावणेदोन तास बोललो. त्याचे बोटं अजून तसेच, मी एक ओळ लिहतो तोवर तो पाच लिहते. शिव्याही स्पेलिंगची चूक न करता देते. मी जिंकलो! श्रावण बोलला!

२६ सप्टेंबर, शुक्रवार

आता रोज लाईन लागते. रोज नवा नंबर. मी ते सारे नंबर वहीत लिहून ठेवतो, नियम म्हणजे नियम.

पण त्याले चौकशा लई. काय खाल्लं, किती वाजता उठला, फिरायले गेला का. काल विचारलं जेवला का, मी लिहलं, "वांग्याची भाजी, भाकर." लगेच, "वांगे कुठून आणले?" मार्केटमधून. "गुरुवारी तुमचं मार्केट बंद असते." माळ्याचा पोरगा, त्याले भाजीबाजाराचं कॅलेंडर पाठ. मी लिहलं परवाचे होते. त्यानं नुसतं लिहलं, "हूं."

आज दुपारी अकोल्याहून एक गार्ड येऊन थैली देऊन गेला. वांगे, मेथी, चवळीच्या शेंगा, वर डब्ब्यात ठेचा अन् सहा भाकरी. त्याच्या भावाच्या मळ्यात यंदा जास्त झालं असन. फेकण्यापेक्षा पाठवलं. चांगलं केलं.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

काल धम्मचक्र प्रवर्तन दिन. मी तीस वर्षं केशरसोबत दीक्षाभूमीवर गेलो. गेल्या वर्षी नाही गेलो, यंदाही नव्हतो जाऊन राहिलो, गर्दी लई असते, गुडघे दुखतात. परवा श्रावणनं विचारलं, "कोणत्या गाडीनं जातो?" मी लिहलं नाही जात. तो लिहते, "गाडी कॅन्सल करायले कारण द्या लागते." गुडघे. "काल तू लिहलं मालटेकडी चढून आलो." पकडला मले. लिहते, "जा. आल्यावर सारा रिपोर्ट दे. मले ऐकायचं आहे."

आता ज्याचा आवाज गेला तो माणूस ऐकायचं आहे म्हणते तं कसं नाही म्हणू? पांढरा शर्ट इस्त्री केला, गेलो. गाडीत पाय ठेवायले जागा नव्हती. हिंगणघाटच्या एका म्हातारीनं मले आपल्या गाठोड्यावर बसवलं अन् पुरीभाजी दिली. कुरुमचा आमचा पॉइंट्समन धर्मपाल भेटला, वीस वर्षांनी! त्यानं विचारलं, बाई नाही आल्या? सांगतलं, गेल्या. त्यानं माह्या खांद्यावर हात ठेवला अन् आमी दोघं रांगेत उभे राहिलो. केशरच्या नावानं मेणबत्ती लावली. बरं वाटलं मले, लपवत नाही, लई दिवसांनी बरं वाटलं.

आज साडेसहाले श्रावणले सारं सांगतलं. त्याच्या आनंदासाठी मी एवढी गर्दी झेलली. असा दोस्त शोधून सापडणार नाही त्याले.

७ ऑक्टोबर, मंगळवार

लाईन मेली. चौकात पाण्याच्या पाईपसाठी खोदून राहिले, जेसीबीनं फायबर तोडलं. फायबरवाला म्हणते, दोन-तीन दिवस. साडेसहाले मी मशीनसमोर बसलो, उगीचच. वहिनीचा फोन लावला तं उचलला नाही.

९ ऑक्टोबर, गुरुवार

लाईन अजून बंद. हे आठ वाजता लिहून राहिलो.

साडेसहाले फोन वाजला. गंगू वहिनीचा नंबर. मी म्हटलं, वहिनी, सांगा त्याले, केबल तुटली आहे, माही चूक नाही, नाही तं पुन्हा चार्जशीट काढीन तो.

पलीकडून नुसता श्वास ऐकू आला. मंग आवाज आला. जाड, घोगरा, एकेक शब्द विहिरीतून बादली ओढल्यावानी.

"पंजाब. मी. श्रावण."

मी उभा राहिलो. कोणासमोर उभा राहिलो काय माहीत.

"गळ्याच्या... भोकावर... अंगठा... ठेवतो. मंग... निघते. दोन महिने... शिकून राहिलो. पह्यला आवाज... नाही राहिला. तुले... ऐकवायची... लाज वाटे."

तो भारदस्त आवाज नव्हता तो. पण बोलणारा तोच होता, शेवटचा शब्द खाली सोडायची त्याची लकब तशीच. मले म्हणायचं होतं, अरे येड्या, मले कोणताही आवाज चालला असता, मले तूच पाहिजे होता. पण मी म्हणायच्या आधीच त्यानं विचारलं.

"तू... कसा... हायस? खरं... सांग."

अन् माह्या तोंडातून शब्दच निघेना. चौतीस वर्षं फोनवर काढलेला माणूस मी, फायबरवाल्याले गप करणारा. तोंड उघडलं, आवाज नाही. 

"बोल... ना... बे," तो म्हणे. "हे... एक वाक्य... बसवायले... मले... आठ दिवस... लागले."

मंग मी बोललो. म्हटलं, "श्रावण, केशर गेल्यापासून घर लई मोठं झालं रे."

बस, एवढंच. दीड वर्षात कोणाले नव्हतं सांगतलं, पोरीलेही नाही. सांगतलं अन् हमसून हमसून रडलो, लहान लेकरावानी. तो ऐकत राहिला. मागून वहिनीच्या नाक ओढायचा आवाज येत होता.

मंग तो म्हणे, "माहीत... हाय... मले. म्हणून... तं... मी..." अन् त्याले दम लागला, खोकला आला, पुढचं राहूनच गेलं. वहिनीनं फोन घेतला.

म्हणून तं काय, ते काही समजलं नाही. उद्या जाऊन विचारतो. सकाळच्या पॅसेंजरनं निघून राहिलो. वहिनीनं चार दिवसाचे कपडे आणायले सांगतले आहेत, अन् प्रियदर्शनीही शनिवारी पुण्याहून थेट अकोल्यालेच येऊन राहिली म्हणे.